नऊ नोव्हेंबर: एका तारखेची जडणघडण

मराठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर 'दिनविशेष' नावाची एक छोटी चौकट असते. आज कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, कोणत्या साली काय घडले, एवढेच तिच्यात असते. शाळेच्या परिपाठात ती वाचली जाते आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले ती वहीत उतरवून घेतात. ९ नोव्हेंबरच्या चौकटीत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे १९६२ साली झालेले निधन असते, १९४७ साली भारत सरकारने जुनागढचा कारभार हाती घेतल्याची नोंद असते आणि २००० साली उत्तराखंड हे नवे राज्य झाल्याचीही. या तिन्ही नोंदी एकाखाली एक छापल्या जातात, पण त्यांचा आपसात काडीचाही संबंध नसतो आणि वाचकही तो शोधायला जात नाही. मात्र हीच तारीख जर्मनीत उच्चारली, की ऐकणाऱ्याच्या मनात दीडशे वर्षांचा इतिहास एकदम उभा राहतो. १८४८ साली या दिवशी लोकनियुक्त प्रतिनिधी रॉबर्ट ब्लूम यांना व्हिएन्नाजवळ गोळ्या घालण्यात आल्या. १९१८ साली या दिवशी बादशाही कोसळली आणि प्रजासत्ताकाची घोषणा झाली. १९२३ साली म्युनिकमध्ये हिटलरचे बंड मोडले गेले. १९३८ साली देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळे पेटवली गेली. आणि १९८९ साली याच तारखेच्या रात्री बर्लिनची भिंत उघडली.

जर्मन लोकांनी या तारखेला 'शिक्झाल्सटाग' असे नाव दिले आहे. त्याचा अर्थ नियतीचा दिवस. नाव वजनदार आहे, पण ते दिशाभूल करणारे आहे असे मला वाटते. तारीख काही घडवून आणत नाही. ती कॅलेंडरवरची एक चौकट आहे, आणि नियतीचे नाव घेतले की माणसांनी केलेल्या कृत्यांची जबाबदारी नकळत आकाशावर ढकलली जाते. पण याच्या उलट टोकाला जाऊन 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली' एवढे म्हणून सोडून देणेही तितकेच चुकीचे आहे. या पाच घटनांपैकी काहींच्या बाबतीत ती म्हण शंभर टक्के लागू पडते. काहींच्या बाबतीत मात्र फांदीवर आधीच करवत चाललेली होती. नियती आणि योगायोग या दोहोंच्या मधे तिसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे माणसांची आठवण. तारखेचे जे काही बळ असते, ते सगळे या आठवणीतून येते, हे या प्रकरणात पुराव्यानिशी दाखवायचे आहे.

आधी योगायोगाची बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडली पाहिजे, कारण ती मुळीच लेचीपेची नाही. गणितात वाढदिवसाचा एक प्रसिद्ध प्रश्न आहे. एका खोलीत किती माणसे असली तर त्यांतल्या निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते? बहुतेकांच्या मनात शे-दीडशेचा आकडा येतो. खरे उत्तर फक्त २३ आहे. तिघांचा वाढदिवस एकत्र यायला ८८ माणसे पुरतात, चौघांचा यायला १८७ आणि पाच जणांचा यायला ३१३. माणसांच्या जागी घटना ठेवल्या तरी हिशेब बदलत नाही. कोणत्याही मोठ्या देशाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात ८८ ठळक घटना सहज सापडतात. त्यांतल्या तीन एका तारखेवर येऊन पडल्या तर आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, उलट पडल्या नाहीत तर थोडे वाटायला हवे. पाच घटनांचे मात्र तसे नाही. त्यासाठी तीनशेहून अधिक घटना तोलामोलाच्या धराव्या लागतात, आणि तिथे योगायोगाच्या स्पष्टीकरणाला ताण पडू लागतो.

शंका घेणारा यावर म्हणेल, की यादी तयार करणारेच तिच्यात हव्या त्या घटना भरतात. हा आक्षेप रास्त आहे. नेपोलियनने फ्रान्सची सत्ता बळकावली तो दिवस ९ नोव्हेंबर १७९९ हाच होता. जर्मन भूमीच्या इतिहासावर नेपोलियनइतका परिणाम फार थोड्यांनी केला असेल, तरीही तो या यादीत नसतो. एक तर घटना पॅरिसची आहे आणि दुसरे म्हणजे फ्रेंच क्रांतीच्या कॅलेंडरात त्या दिवसाचे नाव '१८ ब्रुमेअर' होते, इतिहासात ते त्याच नावाने रुजले. आइन्स्टाइन यांना १९२१ चे राखून ठेवलेले नोबेल पारितोषिक देण्याचा निर्णय स्टॉकहोमला झाला, तोही ९ नोव्हेंबर १९२२ रोजी. तेही या यादीत कोणी धरत नाही. याउलट रॉबर्ट ब्लूम यांचे मरण मोठे असले तरी, पुढच्या चार घटना घडल्या नसत्या तर त्यांची तारीख आज किती जणांना आठवली असती? म्हणजे यादी लांबवायला माणसांचा हात लागला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. त्यासाठी प्रत्येक घटनेला एक साधा प्रश्न विचारावा लागतो: त्या दिवशी वावरणाऱ्या माणसांना आधीची ९ नोव्हेंबर ठाऊक होती का, आणि ते ठाऊक असल्यामुळे घडणाऱ्या गोष्टीत काही फरक पडला का?

१९१८ च्या बाबतीत उत्तर 'नाही' असेच आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस, हरलेल्या युद्धात शेवटची झुंज द्यायला समुद्रात उतरण्याचा हुकूम नौसैनिकांनी मोडला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कील बंदरातून बंडाची लाट शहराशहरांत पसरली आणि शनिवारी, ९ तारखेला, ती राजधानीत पोचली. बादशहा दुसरा विल्हेल्म त्या वेळी बेल्जियममधल्या स्पा गावी लष्करी मुख्यालयात होता. त्याच्या होकाराची वाट न पाहता चॅन्सेलर प्रिन्स माक्स फॉन बाडेन यांनी दुपारच्या सुमारास पदत्यागाची बातमी जाहीर करून टाकली. दोनच्या सुमारास सोशल डेमोक्रॅट नेते फिलिप शायडेमान यांनी राईशटाग या संसदेच्या इमारतीतून जमावापुढे प्रजासत्ताकाची घोषणा केली. ही घाई कशासाठी, तर जहाल डावे नेते कार्ल लीबक्नेख्ट समाजवादी प्रजासत्ताक घोषित करणार अशी कुणकुण लागली होती म्हणून. लीबक्नेख्टनी दोनेक तासांनी राजवाड्यापाशी ती घोषणा केलीही. शायडेमान यांचे सहकारी फ्रीडरिख एबर्ट त्यांच्यावर भडकले, कारण राज्यपद्धती घटनासमितीने ठरवायची होती. या सगळ्या धावपळीत तारीख कोणी निवडली नव्हती. बंड दोन दिवस आधी राजधानीत पोचले असते, तर ७ नोव्हेंबर हा प्रजासत्ताकाचा दिवस झाला असता. इथे कावळा आणि फांदीची म्हण चपखल बसते.

१९२३ ला चित्र बदलू लागते. मधल्या पाच वर्षांत जर्मनीतल्या उजव्या गटांनी १९१८ चा पराभव सैन्याच्या माथ्यावरून उतरवून प्रजासत्ताक आणणाऱ्यांच्या माथी मारला होता. 'नोव्हेंबरचे गुन्हेगार' ही शिवी त्यांच्या प्रत्येक सभेत ऐकू येत असे. म्हणजे एका महिन्याचे नावच वैराचे निशाण झाले होते. त्यात चलन कोसळले. नोव्हेंबर १९२३ च्या तिसऱ्या आठवड्यात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. ८ नोव्हेंबरला संध्याकाळी म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअर हॉलमध्ये बव्हेरियाचे सत्ताधारी गुस्टाव फॉन कार यांची सभा होती. हिटलर हत्यारबंद माणसे घेऊन आत घुसला, छताला गोळी मारली आणि राष्ट्रीय क्रांती सुरू झाल्याचे ओरडून सांगितले. रात्रीतून बेत फसत गेला. दुसऱ्या दिवशी सुमारे दोन हजार जणांचा मोर्चा शहराच्या मध्याकडे निघाला आणि फेल्डहेर्नहाले या स्मारकवास्तूपाशी बव्हेरियाच्या पोलिसांनी तो गोळीबार करून उधळला. चार पोलीस मेले आणि हिटलरचा पक्ष ज्यांना पुढे आपले हुतात्मे म्हणू लागला असे सोळा जण मेले. यात तारखेचा वाटा किती? बंडाचा मुहूर्त कार यांच्या सभेने ठरवला आणि ८ चे बंड ९ वर गेले ते रात्रीच्या गोंधळामुळे. पण क्रांतीला पाच वर्षे पूर्ण होत असलेला तो आठवडाच जुन्या वैराने भारलेला होता. म्हणून मी हा दुवा अर्धा मानतो. आठवड्यामागे आठवण होती, नेमक्या दिवसामागे नव्हती.

यानंतर मात्र आठवण मुद्दाम घडवली जाऊ लागली. १९३३ मध्ये सत्ता हाती आल्यावर हिटलरने त्या फसलेल्या बंडाचा वार्षिक विधी बांधला. दर वर्षी ८ नोव्हेंबरला संध्याकाळी त्याच बिअर हॉलमध्ये जुन्या साथीदारांपुढे भाषण, आणि ९ ला त्याच रस्त्याने मोर्चा. १९३५ मध्ये त्या सोळा जणांचे मृतदेह म्युनिकच्या मध्यवस्तीत बांधलेल्या दोन खास देवळांसारख्या वास्तूंत हलवण्यात आले. पराभवाचा दिवस पक्षाचा सर्वांत पवित्र दिवस झाला. असा विधी बांधण्याचे एक साधे, व्यावहारिक फळ असते, आणि इतिहास वाचताना ते आपल्या नजरेतून सुटते: ठरलेल्या दिवशी ठरलेली माणसे ठरलेल्या जागी हमखास जमतात.

९ नोव्हेंबर १९३८ ची रात्र या एका गोष्टीशिवाय नीट समजत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस जर्मनीने पोलिश नागरिकत्वाच्या सुमारे १७ हजार ज्यूंना घराबाहेर काढून पोलंडच्या सीमेवर नेऊन सोडले होते. त्यांत ज्याचे आईवडील होते, तो हर्शल ग्रिन्श्पान हा १७ वर्षांचा मुलगा पॅरिसमध्ये राहत होता. ७ नोव्हेंबरला त्याने तिथल्या जर्मन वकिलातीतला अधिकारी एर्न्स्ट फॉम राट याच्यावर गोळ्या झाडल्या. फॉम राट ९ तारखेच्या संध्याकाळी मेला. जखमी माणूस कोणत्या दिवशी प्राण सोडतो यावर कोणाचा ताबा नसतो, तो योगायोगच. पण बातमी म्युनिकला पोचली तेव्हा तिथल्या जुन्या नगरभवनात १९२३ च्या बंडाच्या वर्षदिनाचे भोजन चालले होते आणि देशभरातले पक्षाचे पुढारी एकाच दालनात बसलेले होते. हिटलर उठून गेला. रात्री दहाच्या सुमारास प्रचारमंत्री गोबेल्सने भाषण केले आणि निदर्शने झाली तर पक्ष आड येणार नाही असे सुचवले. ऐकणाऱ्यांना अर्थ कळला. त्यांनी तिथूनच आपापल्या प्रांतांत फोन लावले. काही तासांत बर्लिनपासून व्हिएन्नापर्यंत आगी लागल्या. १,४०० हून अधिक प्रार्थनास्थळे जाळली किंवा मोडली गेली, सुमारे ७,५०० दुकाने फोडली गेली आणि सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना दाखाऊ, बुखेनवाल्ड आणि झाक्सेनहाउझेनच्या छावण्यांत डांबले गेले. सरकारी आकड्यात ९१ खून नोंदले गेले, प्रत्यक्षात मृत्यू त्याहून कितीतरी जास्त झाले. वर ज्यू समाजावरच शंभर कोटी मार्कांचा दंड बसवण्यात आला.

इथे कोणी म्हणेल, की हा द्वेष तारखेचा मोताज नव्हता, फॉम राट आठवडाभराने मेला असता तरी हे घडलेच असते. यात तथ्य आहे. कासेल आणि आसपासच्या भागात ७ तारखेपासूनच हल्ले सुरू झाले होते, आणि ज्यूंना देशोधडीला लावण्याचे धोरण तर पाच वर्षांपासून चालू होते. द्वेष तारखेने निर्माण केला असे माझे म्हणणेच नाही. पण एवढ्या मोठ्या देशात एकाच रात्री, एकाच पद्धतीने, कागदावर हुकूम निघण्याआधीच हिंसा भडकते, ती कशी? तर हुकमाचा इशारा समजणारी सगळी माणसे त्या संध्याकाळी एका छताखाली होती, आणि ती तिथे होती ते केवळ १९२३ च्या आठवणीमुळे. १९१८ च्या रागातून १९२३ चा आठवडा आला आणि १९२३ च्या विधीतून १९३८ चे दालन भरले. १९२३ आणि १९३८ या दोन ९ नोव्हेंबरांमध्ये कार्यकारणाचा धागा आहे, तो बोट ठेवून दाखवता येतो.

हा धागा त्या काळातल्या एका माणसाने इतिहासकारांच्याही आधी ओळखला होता. गेओर्ग एल्झर हा दक्षिण जर्मनीतला साधा सुतार. युद्ध टाळायचे तर हिटलरला दूर केले पाहिजे, हे त्याने एकट्याने ठरवले. हुकूमशहा कुठे, कधी सापडेल हे कोणालाच कळत नसते, पण ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तो ब्युर्गरब्रॉयकेलरमध्ये असणार हे सगळ्या जगाला ठाऊक होते. १९३८ साली एल्झर म्युनिकला जाऊन ती जागा पाहून आला. पुढच्या वर्षी तो तीसहून अधिक रात्री त्या हॉलमध्ये लपून राहिला आणि व्यासपीठामागचा खांब हळूहळू पोखरून त्यात त्याने घड्याळाचा बॉम्ब बसवला. ८ नोव्हेंबर १९३९ ला रात्री ९ वाजून २० मिनिटांनी स्फोट झाला. हिटलर त्या वर्षी भाषण लवकर आटोपून १३ मिनिटे आधी निघून गेला होता. आठ जण मेले. एल्झर सीमेवर पकडला गेला आणि एप्रिल १९४५ मध्ये दाखाऊच्या छावणीत त्याला ठार करण्यात आले. स्मरणदिन माणसाला बांधून ठेवतो, हे ज्ञानच त्याचे मुख्य हत्यार होते. ते तेरा मिनिटांनी चुकले, हा पुन्हा योगायोग.

१९८९ ला येईपर्यंत मात्र धागा तुटलेला दिसतो. पूर्व जर्मनीत शरद ऋतूभर मोर्चे निघत होते. ९ ऑक्टोबरला लाइपझिगच्या रस्त्यांवर सुमारे ७० हजार लोक उतरले होते. सरकारने प्रवासाचे नियम सैल करायचे ठरवले. ते १० नोव्हेंबरच्या पहाटे जाहीर व्हायचे होते, म्हणजे लोक सकाळी कचेऱ्यांपुढे रांगा लावून रीतसर परवाने घेतील. ९ तारखेला संध्याकाळी पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की पत्रकारांपुढे बसले. हातातला कागद त्यांना थोड्याच वेळापूर्वी मिळाला होता आणि त्यावरच्या चर्चेला ते हजर नव्हते. पत्रकार परिषद संपत आली असताना, सातला काही मिनिटे कमी होती तेव्हा, त्यांनी तो वाचला. हे केव्हापासून लागू, असा प्रश्न आला. त्यांनी कागद चाळले आणि माझ्या माहितीप्रमाणे आत्तापासून, ताबडतोब, असे सांगून टाकले. हे दूरचित्रवाणीवर थेट दिसत होते. माणसे चालत, गाड्यांनी सीमेच्या फाटकांकडे निघाली. बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या पुलावर नेमणुकीला असलेले अधिकारी हाराल्ड येगर वरिष्ठांना पुन्हा पुन्हा फोन करत राहिले, पण स्पष्ट उत्तर कोणीच देईना. समोरची गर्दी वाढत वाढत पुलाच्या तोंडाशी येऊन भिडली. साडेअकराच्या सुमारास येगर यांनी फाटक उघडायला लावले. सरकारी वेळापत्रक पाळले गेले असते तर त्या क्रांतीची तारीख १० नोव्हेंबर पडली असती. एका माणसाने कागद नीट वाचला नाही, म्हणून ती ९ पडली.

आता हिशेब पुन्हा मांडता येतो. पाच घटनांपैकी १९३८ हे १९२३ ला घट्ट बांधलेले आहे आणि १९२३ हे १९१८ च्या आठवड्याला सैल गाठीने बांधलेले आहे. १८४८ ची घटना यादीत बऱ्याच अंशी मागाहून ओढली गेली. स्वतंत्रपणे जुळून आल्या त्या १८४८, १९१८ आणि १९८९ या तीनच. आणि ८८ घटनांत तीन जुळणे ही निम्म्याहून अधिक शक्यतेची, म्हणजे रोजच्यातली गोष्ट आहे. पाच आकडे एका रांगेत पाहून जे गूढ वाटत होते, ते एकेक घटना उलगडून पाहिली की उरत नाही. तिथे काही साधे योगायोग आणि एक भयंकर साखळी दिसते.

तारीख ही माणसाने केलेली सोय आहे, मग तिला एवढे महत्त्व कशाला, असाही एक आक्षेप असतो. महाराष्ट्राला तो नवा नाही. शिवजयंती १९ फेब्रुवारीला की फाल्गुन वद्य तृतीयेला, हा वाद आपण अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे, आजच्या ग्रेगोरियन गणनेत तो दिवस १ मार्चला येतो. एकाच जन्मदिवसाची तीन रूपे झाली. पण या आक्षेपाने माझे म्हणणे उलट बळकट होते. तारखेत स्वतःचे काही नसते म्हणूनच माणसे तिच्यात काय भरतात हे महत्त्वाचे ठरते. काँग्रेसने २६ जानेवारी १९३० हा पूर्ण स्वराज्याचा दिवस म्हणून पाळला. राज्यघटना स्वीकारली गेली २६ नोव्हेंबर १९४९ ला, पण ती अमलात आणायला ठरवून २६ जानेवारीपर्यंत थांबण्यात आले, कारण गुलामीतला तो संकल्प स्वतंत्र देशाला जोडून घ्यायचा होता. इथे आठवणीने तारीख निवडली आणि कोणाचे घर जाळले गेले नाही.

जर्मनीपुढे १९९० साली असाच निवडीचा प्रसंग आला. एकीकरणाचा राष्ट्रीय दिवस म्हणून भिंत उघडल्याची तारीख सर्वांत आधी सुचण्यासारखी होती. पण त्याच तारखेला १९३८ ची रात्रही असल्यामुळे ती मागे पडली. एकीकरण ३ ऑक्टोबरला झाले आणि तोच राष्ट्रीय दिवस ठरला. काही जण म्हणतात, की ३ ऑक्टोबर हा कागदी दिवस आहे, खरा लोकांचा दिवस ९ नोव्हेंबर, आणि आनंद व लाज दोन्ही एकाच दिवशी आठवण्याइतका देश प्रौढ असायला हवा. हे म्हणणे मनाला पटण्यासारखे आहे. तरीही मला तो निर्णय योग्य वाटतो. सरकारी सुट्टी म्हटली की वाद्ये, फटाके, सहली आल्या, आणि त्यांच्या आवाजात दुबळा स्वर नेहमीच हरतो. म्युनिकच्या विधीने एका पराभवाचा उत्सव केला, त्याचे काय झाले हे ज्या देशाने पाहिले, त्याने आपला सर्वांत गुंतागुंतीचा दिवस उत्सवाच्या हाती न देणे हे शहाणपणाचेच आहे.

त्या दिवसाची आठवण तिथे आज वेगळ्या रीतीने पाळली जाते. जर्मनीतल्या शेकडो गावांच्या पदपथांत, घरांच्या दारांसमोर, दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचे पितळी पत्र्याचे लहान दगड बसवलेले आहेत. गुंटर डेम्निग या कलावंताने सुरू केलेले हे काम. प्रत्येक दगडावर त्या घरातून नेल्या गेलेल्या एका माणसाचे नाव, जन्माचे वर्ष आणि पुढे त्याचे काय झाले ते कोरलेले असते. वर्षभर पायांखाली पितळ काळवंडते. ९ नोव्हेंबरला शेजारपाजारची माणसे, शाळेची मुले फडके घेऊन येतात, गुडघे टेकून ते घासतात आणि शेजारी मेणबत्ती लावून जातात. यंत्रणा तीच आहे, जी १९३८ साली होती: ठरलेल्या दिवशी आठवण माणसांना एका जागी आणते. त्या रात्री जमलेल्यांना त्यांच्या जुन्या रागाने बोलावले होते. आज जमणाऱ्यांना दारासमोरच्या दगडावरचे नाव बोलावते, आणि ते वाचायला गुडघ्यावर बसून खाली वाकावे लागते.